बोटीचं पथ्यपाणी

आमच्या घरमालकांना कुणी डॉक्टर म्हटलं की ते आधी त्या माणसाची चूक दुरुस्त करत आणि मग त्याची तब्येत विचारत. "डॉक्टर नाय, कंपाउंडर," असं म्हणताना त्यांचा आवाज थोडा चढायचाच. एका सरकारी इस्पितळाच्या औषधखिडकीत त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. पुढेपुढे कागदावर त्यांचा हुद्दा फार्मासिस्ट असा झाला, पण तो शब्द त्यांना कधी पटला नाही. पाकिटातली गोळी काढून देतो तो फार्मासिस्ट आणि स्वतःच्या हाताने मिक्स्चर बनवतो तो कंपाउंडर, अशी त्यांची व्याख्या होती, आणि व्याख्येच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

वसईजवळच्या वटारला त्यांच्या वाडीत, घरामागच्या दोन खोल्यांत, मी लग्नाआधी काही वर्षं भाड्याने राहिलो. मी मूळचा सांगलीकडचा, नोकरी अंधेरीला. आता नायगावला उंच टॉवरमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि गॅलरीतून खाडी दिसते असं पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण ती खाडी मला पहिल्यांदा दाखवली या माणसाने, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा बंद पडलेल्या बोटीतून. सगळे त्यांना अंकल म्हणत आणि त्यांच्या बायकोला आंटी, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

अंकलच्या घरात शिरलं की पहिल्यांदा नजरेत भरायच्या त्या चिठ्ठ्या. इस्पितळात मिक्स्चरच्या बाटल्या बंद झाल्या तेव्हा बाटल्यांवर डकवायच्या छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत निघाले होते. अंकलना ते बघवलं नाही. त्यांनी ते घरी आणले आणि आयुष्यभर पुरवून वापरायला घेतले. त्यांच्या जुन्या स्कूटरवर "हलवून घ्यावे" अशी चिठ्ठी होती, आणि खरोखरच ती स्कूटर एका अंगाला कलती करून हलवल्याशिवाय सुरू होत नसे. टीव्हीच्या रिमोटवर "जेवणानंतर" असं होतं. आंटी नाताळसाठी घरी वाइन करत, त्या बरणीवर "मुलांच्या हाती देऊ नये". विहिरीच्या पंपाचं बटण माझ्या खोलीत होतं, त्यावर "दिवसातून दोन वेळा". मी राहायला आलो त्या पहिल्या दिवशी हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, लिहिलंय ते वाचता येतं ना, मग विचारता कशाला. मला राग आला होता. संध्याकाळी आंटींनी केळफुलाची भाजी पाठवली आणि तो गेला.

कुठलीही गढूळ गोष्ट बाटलीत भरून उभी करून ठेवायची, ही त्यांची दुसरी सवय. विहिरीचं पाणी, नारळाचं तेल, दुकानातला मध, सगळं एकेका काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ओळीने मांडलेलं असे. सकाळी उठून ते प्रत्येक बाटली उजेडासमोर धरत आणि तळाशी काय बसलंय ते पाहत. घाई करणाऱ्या माणसाला ते एकच वाक्य ऐकवत, "बसू दे खाली, मग बोलू." माझ्या लग्नाचं जमत होतं तेव्हा मुलीकडच्यांना होकार कळवण्याआधी त्यांनी मलाही हेच ऐकवलं. मी स्वभावाने उतावीळ, मी त्याच दिवशी फोन केला. ते नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे न हलवता घेतलेल्या औषधाकडे पाहावं तसं पाहत होते.

अशा माणसाने निवृत्तीनंतर बोट घेतली.

वटारची माणसं वाडीवाली. केळी, पानवेली, मोगरा, भाजी यांच्यावर त्यांचा जीव, आणि त्यांचं पाणी म्हणजे विहिरीचं. समुद्र इतका जवळ की रात्री गाज ऐकू येते, पण तो कोळ्यांचा. अंकलच्या घराण्यात कुणी होडीत पाय ठेवल्याचं माहीत नव्हतं. आणि यांनी आणली ती होडी नव्हे, मजेसाठी फिरायची पांढरी फायबरची स्पीडबोट, पुढे काच, मोटारीसारखं स्टिअरिंग आणि मागे टांगलेलं पेट्रोलचं इंजिन. कुणीतरी हौसेने घेऊन कंटाळून विकायला काढली होती. पाचूबंदरला कोळ्यांच्या बोटींच्या रांगेत ती उभी असायची, तेव्हा लग्नाच्या पंगतीत चुकून दुसऱ्याच्या मांडवातला पाहुणा येऊन बसलाय असं वाटे. मी त्यांना विचारलं होतं, अंकल, बोटच का? ते म्हणाले, "त्या खिडकीतून मी सगळा जन्म फक्त लोकांचे हात बघितले. चेहरा बघायला वाकायला लागायचं. आता मला रुंद काहीतरी बघायचंय." हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मला पुढे चेष्टा करता आली नाही.

आंटींना बोट मुळीच पसंत नव्हती. त्या कमी बोलत आणि बोललेलं मागे घेत नसत. वाडीचा सगळा कारभार त्यांच्या हातात होता. समुद्र बांधून ठेवता येत नाही, आणि जे बांधता येत नाही त्याच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. नवरा-बायको घरात आपल्या बोलीत बोलत, त्यातलं मला निम्मंच कळे, पण रविवारी सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर अंकल टोपी शोधू लागले की जे बोलणं होई ते मला पूर्ण कळे.

माझी नेमणूक फुगा दाबण्यावर होती. पेट्रोलची लाल टाकी बोटीत सुटी ठेवलेली असते, तिच्यातून एक नळी इंजिनाकडे जाते आणि नळीच्या मध्ये एक रबरी फुगा असतो. तो दाबून दाबून कडक केला की इंजिनाला पेट्रोल पोचलं असं समजायचं. अंकल तो फुगा दोन बोटांत धरून डोळे मिटून नाडी पाहत. "मंद हाय," असं म्हणत. मग मला आणखी दाबायला लावत. इंजिनाशी ते कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. ते बंद पडलं की हिला काय झालं म्हणून माझ्याकडे तक्रार करत, जणू ती माझ्या सासरची कुणी असावी.

पहिलं दुखणं त्यांनी झकास बरं केलं होतं. बोट निघाली की चांगली चाले आणि जरा लांब गेल्यावर धापा टाकून बंद पडे. थोडं थांबलं की पुन्हा चाले. पाचूबंदरच्या पोरांनी इंजिन गेलं म्हणून निकाल दिला. अंकलनी टाकीकडे पाहिलं. टाकीच्या कुशी आत ओढल्या गेल्या होत्या, म्हाताऱ्याच्या गालांसारख्या. पेट्रोलचा वास येतो म्हणून त्यांनी स्वतःच झाकणावरचा हवेचा स्क्रू गच्च बंद केला होता. हवा आत जात नव्हती, त्यामुळे पेट्रोल बाहेर येत नव्हतं. "दम कोंडला होता बिचारीचा," ते म्हणाले, स्क्रू सोडला, टाकीने फुस्स करून श्वास घेतला आणि आम्ही पार पाणजू बेटाला वळसा घालून आलो. त्या दिवसापासून आपल्याला बोटीची सगळी दुखणी कळतात अशी त्यांची खात्री झाली. माझीही झाली होती, हे कबूल करतो.

दुसरं दुखणं मात्र हटेना. बोट धक्क्यावर छान सुरू होई. खाडीच्या मधोमध, जिथे लाटा जरा मोठ्या असतात, तिथे ती खोकायला लागे आणि मरे. अंकलनी नळीचं टोक सोडून बाटलीत पेट्रोल घेतलं, बाटली घरी खिडकीत उभी केली, आणि सकाळी तळाशी पाणी दिसलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी, मध्ये ठळक रेघ. ते बघून ते खूश झाले. रोग सापडला.

रोग सापडला, पण तो येतो कुठून ते सापडेना. पहिला संशय पेट्रोलपंपावर. ते ती बाटली घेऊन पंपावर गेले आणि तिथल्या मॅनेजरला अगदी सौम्यपणे पाण्यावर व्याख्यान देऊन आले. तो बिचारा ऐकून घेत राहिला. मग पंप बदलला, मग आणखी एक बदलला. पाणी येतच राहिलं. मग त्यांनी नळी बदलली, झाकणाचं रबर बदललं, पाणी अडवणारी गाळणी बसवली. गाळणीच्या वाटीतही पाणी. मग त्यांचं मत झालं की हल्लीचं पेट्रोल इथेनॉलवालं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि वसईची हवा तर ओलीच. म्हणून टाकीला पथ्य सुरू झालं. एरवी ती फक्त शनिवारी पेट्रोल भरायला घरी येई; आता बोटीत ठेवायचीच नाही, कायम घरी आणायची, आणि गारव्याने आत दव धरू नये म्हणून गोधडीत गुंडाळायची. देवापुढच्या मेणबत्तीपासून लांब म्हणून मागच्या पडवीत, माझ्या दाराशेजारी तिचं अंथरूण पडलं. आठवडाभर टाकी गोधडीत झोपलेली असे आणि रविवारी स्कूटरवर अंकलच्या पायांमध्ये बसून पाचूबंदरला जाई. आंटी मला एकदा म्हणाल्या, मला ताप आला तेव्हा एवढी गोधडी मिळाली नव्हती.

बोट बंद पडली की एक नाखवा आम्हाला ओढून आणायचा. पाचूबंदरचाच, स्वतःची मासेमारीची बोट, आडदांड आणि हसरा. तो दोरी टाकायचा आणि विचारायचा, "अंकल, आज कोनतं औषध चालू हाय?" मान खाली घालून दोरीमागे येताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई. अंकल मात्र त्याला रोगाची प्रगती तपशीलवार सांगत.

पण एका रविवारी वारं उलटं होतं आणि ओहोटी जोराची. नाखवा घरी नव्हता. आम्ही खाडीच्या तोंडाकडे वाहत चाललो. भाईंदरची रो-रो बोट बाजूने गेली, तिच्यावरच्या गाड्यांतले लोक हात हलवत होते, आणि मी वेड्यासारखा हात हलवून मदत मागत होतो ते त्यांना प्रेमाचं वाटत होतं. शेवटी दुसऱ्या एका होडीने दोरी दिली. घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. आंटी रागावल्या नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो. त्यांनी अंकलना घरातल्या देवाच्या अल्तारासमोर उभं केलं आणि शब्द घेतला. पुन्हा एकदा जरी दोरी लागली तर बोट विकायची. अंकलनी शब्द दिला. दिलेला शब्द आणि मोजलेलं औषध यांत ते कधी फिरले नव्हते, हे सगळ्या वटारला माहीत होतं.

दोन रविवार निभावले. तिसऱ्या रविवारी दोरी लागली.

मला वाटलं होतं ते काहीतरी पळवाट काढतील. त्यांनी घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि बोट विकतोय असं आंटींना सांगितलं. समुद्रकाठी रिसॉर्ट चालवणारा एक जण बरेच दिवस मागे लागला होता, त्याला फोन केला. पुढच्या रविवारी तो बोट चालवून बघणार आणि पसंत पडली तर तिथूनच घेऊन जाणार असं ठरलं. तो आठवडा वाईट गेला. अंकल खिडकीतल्या बाटल्यांकडे बघेनात. जेवणानंतरचा टीव्हीही लागेना. आंटी त्यांच्या आवडीचं काहीबाही करून घालत होत्या आणि ते ताटावरून लवकर उठत होते. माणूस रडला तर समजूत तरी काढता येते. हे फक्त गप्प झाले होते, आणि मला त्यांची फार दया येत होती.

शनिवारी दुपारी आम्ही टाकी धुऊन वाळवून नवं पेट्रोल भरून आणलं. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, बोट ठणठणीत करून द्यायची, असा त्यांचा हट्ट होता. मग नळीची एक क्लिप हवी म्हणून वसईला गेलो. येताना स्कूटर बंद पडली आणि हलवूनही सुरू होईना. ती ढकलत आम्ही वाडीच्या मागच्या वाटेने आलो, म्हणून आमचा आवाज झाला नाही.

केळींच्या आडून पडवी दिसत होती. आंटी टाकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी गोधडी बाजूला केली, झाकण फिरवून काढलं, टाकीवर क्रूसाची खूण केली आणि गाऊनच्या खिशातून एक बाटली काढली. ती बाटली मी ओळखली. ईस्टरला चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी आंटी अल्तारावर अशाच बाटलीत ठेवत. ओठ हलत होते. त्यांनी बाटली टाकीत पूर्ण रिकामी केली, झाकण लावलं, गोधडी नीट पांघरली आणि ताप उतरलेल्या पोराला थोपटावं तसं टाकीला थोपटून आत गेल्या.

अंकलनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला वाटलं, नाडीच पाहतायत. मग ते केळींना पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेला खाली बसले.  शेवटी म्हणाले, "पंपवाल्याची माफी मागायला पायजे."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, अंकल, सुटलात की. आत्ता जाऊन आंटींना सांगा. दोरी तुमच्यामुळे लागलीच नाही, त्यांच्यामुळे लागली, मग शब्द कसला आणि बोट विकायची कशाला. मी तर उठून निघालोही होतो. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"काय सांगू तिला? तू देवाकडे माझा जीव मागत होतीस आनि त्याच पान्यानं मी वाहून चाललो होतो?" ते म्हणाले. "तिला पुन्हा झोप लागनार नाय. बोट काय, दुसरी बघता येते."

दुसरी बघता येणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मग माझ्या उतावीळ डोक्यातून दुसरी युक्ती निघाली. मी म्हटलं, मग काहीच करू नका. टाकी आहे तशीच उद्या लावा. बोट गिऱ्हाइकासकट खाडीत बंद पडेल आणि तो पुन्हा तोंड दाखवणार नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मुदत संपलेल्या गोळ्या विकायला सांगत होतो. 

रविवारी पहाटेच्या मिस्साला जाऊन ते मला घेऊन धक्क्यावर आले. टाकी रिकामी केली, पुसली, वाटेतल्या पंपावरून घेतलेलं ताजं पेट्रोल भरलं. त्या पंपावर त्यांनी मॅनेजरचा हात हातात घेऊन माफी मागितली होती. कशाबद्दल ते सांगितलं नाही, त्यामुळे तो आणखीच गोंधळला. आता टाकीतून निघालेल्या त्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न आला. आशीर्वादित पाणी गटारात टाकायचं नसतं, झाडाच्या मुळाशी ओतायचं असतं. पण पेट्रोल मिसळलेलं पाणी कुठल्या झाडाला घालणार? अंकलनी ते एका मोठ्या बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली बोटीत आपल्या बाकाखाली आडोशाला नीट उभी करून ठेवली. पुढचं पुढे बघू म्हणाले.

गिऱ्हाईक आलं. काळा चष्मा, पांढरे बूट, बोलण्यात निम्मं हिंदी. आणि त्याच्या मागोमाग रिक्षातून आंटी उतरल्या. चर्चची साडी नेसलेल्या, हातात जपमाळ. त्या पाचूबंदरला त्या बोटीसाठी पहिल्या दिवसानंतर कधीच आल्या नव्हत्या. विकताना तरी बघते, असं म्हणून त्या पालथ्या घातलेल्या एका होडीवर बसल्या. नाखवा दोरीची गुंडाळी खांद्यावर टाकून सवयीने तयार उभा होता. बोटीत अंकल आणि ते गिऱ्हाईक दोघंच गेले. मी आंटींजवळ थांबलो.

बोट सुरू झाली आणि खाडीच्या मध्यावर गेली. नेहमीची बंद पडायची जागा आली. ती खोकली नाही. तिने नाक वर उचललं आणि ती निघाली, मागे पांढरी रेघ सोडत, पार उत्तनच्या बाजूपर्यंत. तिथून वळून ती रो-रोच्या लाटांवर उड्या मारत परत येताना दिसली. अंकल उभे राहून चालवत होते. टोपी उडाली होती. जवळून गेले तेव्हा ते तोंड उघडून हसत होते, आवाज इंजिनात बुडाला होता, पण हसणं स्पष्ट दिसत होतं.

आंटींची जपमाळ थांबली होती. "हा असा हसतो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बोट चालते तेव्हा हसतात.  त्यांच्या वाट्याला आजवर फक्त दोरीमागून येऊन घरी परतलेला नवरा आला होता.

बोट धक्क्याला लागली. गिऱ्हाईक खूश होतं, एकदम मक्खन आहे म्हणालं, आत्ताच नेतो म्हणालं. अंकल किल्ली काढून त्याच्या हातात देत होते, तेवढ्यात आंटी उठून पुढे आल्या.

"बोट विकायची नाय," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाइकाने अंकलकडे पाहिलं. अंकल म्हणाले की मी शब्द दिलाय, मागच्या रविवारी दोरी लागली होती. आंटी म्हणाल्या, शब्द मला दिला होता, मी सोडते. मग त्या गिऱ्हाइकाला चहा पिऊन जा असं इतक्या मानाने म्हणाल्या की तो चिडायचं विसरून गेला. नाखव्याने त्याला चहाकडे नेलं.

मग आंटी अंकलकडे वळल्या, आणि मुद्दाम मलाही कळेल अशा बोलीत म्हणाल्या, "आज का चालली ते तुला माहीत नाय. मला माहीत हाय. मी टाकीत पवित्र पानी घालते, पयल्यापासून. आधी चमचा-दोन चमचे घालायची, ते कमी पडत होतं. काल अख्खी बाटली घातली." आणि जरा थांबून, "बोट आनली त्या दिवशी मी बाहेरून शिंपडलं, तर तूच म्हनालास ना, बाहेरून लावून काय फायदा, औषध पोटात गेलं पायजे."

मी अंकलकडे पाहायचं टाळलं. पाहिलं असतं तर माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं असतं. या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं, आणि आंटी उत्तरासाठी उभ्या होत्या. अंकलनी एकदा बोटीत आपल्या बाकाखाली पाहिलं.

"पानी बोटीत होतं," ते सावकाश म्हणाले. "म्हनूनच चालली."

आंटींनी मान हलवली. त्यांना हेच अपेक्षित होतं. मग त्यांनी पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या, साडी जरा वर धरली आणि म्हणाल्या, "मग मला पन ने."

अंकलचा चेहरा उतरला. इतके रविवार मी त्या माणसाबरोबर खाडीत काढले. वारं उलटं होतं त्या दिवशी वाहून जातानाही ते मला पेट्रोल आणि पाणी वेगळं कसं होतं ते शांतपणे समजावत होते. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. त्यांनी आंटींना लाइफ जॅकेट घातलं, पट्टे ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले. टाकीचं झाकण पाहिलं, हवेचा स्क्रू पाहिला, फुगा स्वतः दाबला. दोन बोटं फुग्यावर ठेवून पुन्हा एकदा नाडी पाहिली. मग पाठ आमच्याकडे करून त्यांनी हळूच क्रूसाची खूण केली. आंटींना हात देऊन आत घेताना त्यांनी नाखव्याला परत बोलावलं आणि दोरी घेऊन मागे राहायला सांगितलं.

बोट निघाली ती चालत्या माणसाच्या वेगाने. अंकल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ओठ हलवत, समोरच्या प्रत्येक लाटेकडे बघत होते. आंटी मागे ऐटीत बसल्या होत्या, एक हात लाल टाकीवर ठेवून, आणि धक्क्यावर आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने त्यांना सांगत होत्या, "घाबरतोस कशाला, जरा जोरात घे."